दाबलेली अक्षरं आणि अरुंद अक्षरं

मथळा बसत नसला की आपल्याकडे पहिला हात जातो तो अक्षरं दाबायला. शब्द बदलून बघायचा, क्रियापद गाळायचं, दुसरी ओळ करायची, हे सगळं नंतर. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या काळात तर त्यासाठी मेनूच होता. सेट विड्थवर, म्हणजे अक्षराच्या रुंदीवर, जायचं आणि ९०, ८०, ७० टक्के यांतलं काहीतरी निवडायचं. रात्री पान सोडायची वेळ झालेली, लीडचा, म्हणजे मुख्य बातमीचा, मथळा दोन अक्षरांनी बाहेर आलेला, उपसंपादक खुर्चीमागे उभा. "दाबा की ताई, कोण बघतंय." दाबलं, बसलं, पान गेलं. सकाळी अंक हातात आला की मला त्या मथळ्याकडे बघवायचं नाही, आणि बाकी कुणालाही काही दिसायचं नाही.

सांगलीत एका जिल्हा दैनिकात मी बरीच वर्षं पानं लावली. आता घरूनच कामं घेते. यात्रेच्या पत्रिका, कुस्ती मैदानाची पोस्टरं, हौशी नाटकवाल्यांच्या जाहिराती, यूट्यूबवाल्या पोरांची थंबनेल. गिऱ्हाईक बदललं तरी मागणी एकच असते: जागा एवढीशी आहे आणि आवाज मोठा पाहिजे. अशा कामाला जाड, उंच आणि अंग चोरून उभी राहणारी अक्षरं लागतात. इंग्रजीत ती ढिगानं आहेत. मराठीला त्यांची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे आणि आपल्याकडे नीट काढलेली अशी अक्षरं बोटावर मोजण्याइतकी आहेत.

गरज जास्त का, ते आधी सांगते, कारण हे पान लावणाऱ्यालाच कळतं. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. हिंदीवाला 'किसानों के लिए' लिहितो, त्याला ओळ मोडायला दोन जागा मिळतात. आपलं 'शेतकऱ्यांसाठी' एक अखंड शब्द. 'जिल्हाधिकाऱ्यांकडून', 'मुख्यमंत्र्यांच्या', 'विद्यार्थ्यांनाही'. हे शब्द सिंगल कॉलममध्ये मोठ्या अक्षरात घालून बघा. तोडता येत नाहीत, गाळता येत नाहीत. इंग्रजी मथळ्यात चार अक्षरी क्रियापदं घालून भागवता येतं, ती सोय आपल्याला नाही. मग एक तर अक्षर लहान करा, नाहीतर अरुंद करा. लहान केलं तर मथळ्याचा मथळेपणाच जातो. म्हणून अरुंद.

आता अरुंद करण्याचे दोन रस्ते. एक म्हणजे आहे तेच अक्षर कडेनं दाबायचं. दुसरा म्हणजे अक्षर मुळातच अरुंद काढायचं. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. जवळ जाऊन बघा.

एखादं जाड अक्षर ७० टक्क्यांवर दाबलं की त्यातल्या उभ्या रेघा ७० टक्के जाडीच्या होतात. आडव्या रेघा होत्या तेवढ्याच राहतात. म्हणजे दांडा बारीक झाला आणि शिरोरेघ तशीच जाड राहिली. इंग्रजीतही हे होतं, पण तिथे आडव्या रेघा तुटक असतात, एखाद्या ई-ला तीन, टी-ला एक. आपल्याकडे शिरोरेघ अख्ख्या शब्दावरून जाते. तीच सगळ्यात जाड झाली की डोळा तिच्यावरच घसरतो आणि खालची अक्षरं तिला टांगलेल्या काड्या होतात. तिरप्या रेघांचं तर विचारूच नका, त्या ना इकडच्या राहतात ना तिकडच्या. 'ळ'ची दोन गोल पोटं अंड्यासारखी होतात, 'क'ची डावी पोकळी बुजते, 'ण'मधली फट मिटते आणि 'ष'च्या पोटातली तिरपी रेघ शाईत बुडते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणजे पडद्यावर जी फट दिसते ती छापून आल्यावर असेलच असं नाही.

हे फक्त दिसण्याचं असतं तर मी एवढी चिडले नसते. वाचण्याचंही वाटोळं होतं. 'भ' आणि 'म' यांच्यात फरक काय? 'भ'च्या डोक्यावर शिरोरेघ थोडी तुटलेली असते आणि डावीकडे एक वळण असतं. 'ध' आणि 'घ' यांचंही तसंच. ती डोक्यावरची फट हाच काय तो फरक, आणि अक्षर जाड करून दाबलं की पहिली मरते ती हीच फट. आमच्याकडे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात त्यातल्या निम्म्या फ्लेक्सांवर भाऊंचा माऊ झालेला असतो. खाली गॉगल घातलेला, दाढी कोरलेला, सोन्याची साखळी घातलेला माणूस आणि वर 'माऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. आपण संदर्भानं वाचतो म्हणून भागतं. पण 'अर्ज भरण्याची मुदत' वाचताना मला दरवेळी एक सेकंद थांबावं लागतं.

'रु' आणि 'रू' हीसुद्धा अशीच एक जोडी. ऱ्हस्व की दीर्घ हे त्या लहानशा वळणावरून ओळखायचं असतं. ते जाड टाइपात बुजलं की मुद्रितशोधकानं केलेली मेहनत पाण्यात. अक्षरांमधली जागा फार आवळली तर 'रव' जोडून 'ख' होतो आणि रवी नावाच्या उमेदवाराचं जे व्हायचं ते होतं.

इंग्रजीवाल्यांनी यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. छपाईची शिशाची अक्षरं ओतणाऱ्या अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीकडे मॉरिस फुलर बेंटन नावाचा माणूस होता. त्यानं १९०३ मध्ये अल्टरनेट गॉथिक नावाचा अरुंद टाइप काढला. यूट्यूबचा २०१७ पर्यंतचा लोगो आठवत असेल, लाल चौकटीत 'ट्यूब' लिहिलेला, ती अक्षरं याच घराण्यातली. बेंटननं हा टाइप तीन रुंदींमध्ये काढला: नंबर एक, दोन आणि तीन. तिन्हींची उंची आणि तोंडवळा सारखा, रुंदी वेगळी. म्हणजे मथळा नंबर तीनमध्ये बसला नाही तर दोन घ्या, दोनमध्ये नाही बसला तर एक घ्या. दाबायचं काम कारखान्यातच, माणसानं डोळ्यानं बघून, रेघ न् रेघ पुन्हा काढून केलेलं. शिशाच्या टाइपाला दुसरा इलाजही नव्हता म्हणा.

आणि मग इम्पॅक्ट. हा सगळ्यांना माहीत आहे, नाव माहीत नसेल तरी. इंटरनेटवरच्या मीमांवर वर एक ओळ, खाली एक ओळ, पांढरी जाड अक्षरं आणि भोवती काळी किनार, तो इम्पॅक्ट. जेफ्री ली या इंग्लंडमधल्या जाहिरात क्षेत्रातल्या माणसानं तो काढला आणि शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या फाउंड्रीनं १९६५ मध्ये शिशात ओतला. लीचा हिशोब सरळ होता: ठरलेल्या आकारात कागदावर जास्तीत जास्त शाई पडली पाहिजे आणि लहान लिपीतली अक्षरं जास्तीत जास्त उंच झाली पाहिजेत. म्हणून त्यानं वर जाणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या रेघा तोडून आखूड केल्या आणि वाचलेली सगळी उंची मधल्या पट्ट्याला दिली. पुढे मायक्रोसॉफ्टनं १९९६ पासून वेबसाठी जे फॉन्ट फुकट वाटले त्यांत हा होता. त्यामुळे तो जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकावर जाऊन बसला आणि मीमवाल्यांच्या हाती लागला. लीनं मेहनत घेतली ती छापील जाहिरातीसाठी, नाव झालं मांजरांच्या फोटोंवर.

इम्पॅक्ट जवळून बघा. त्यातला 'ओ' म्हणजे जवळजवळ एक ठोकळा आणि मधे एक उभी चीर. पण ती चीर सगळ्या अक्षरांत बेतलेली आहे. कुठे दोन जाड रेघा एकमेकींना भेटतात तिथे एक थोडी बारीक केलेली आहे, म्हणजे कोपऱ्यात शाईचा डाग होत नाही. काळं कुठे थांबवायचं हे त्याला कळत होतं.

मग मराठीत तसाच इम्पॅक्ट काढा की, असं मला एका थंबनेलवाल्या पोरानं सुचवलं होतं. काढता येत नाही, आणि हा काही कारागिराचा दोष नाही. लीनं जी युक्ती केली ती आपल्याला बंद आहे. त्यानं वरचा आणि खालचा मजला तोडला. आपल्या वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार राहतात. खालच्या मजल्यावर उकार, ऋकार आणि 'ट्ट', 'द्ध' यांच्यासारखी एकाखाली एक उभी राहणारी जोडाक्षरं. त्यांना बाहेर काढलं तर मराठीच संपली. 'कीर्ती' लिहायचं तर वेलांटी, वेलांटी आणि रफार तिघांनाही वर जागा द्यावी लागते. इंग्रजीत सगळी मोठी लिपी वापरली की ओळीवर ओळ विटांसारखी रचता येते, मधे केसाएवढी फट. म्हणून ती पोस्टरं तशी भरीव, गच्च दिसतात. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर पाय देतो.

जुने उपसंपादक हे टाळायला मथळ्याचे शब्दच मागेपुढे करायचे. पावसाळ्यात हमखास येणारा मथळा घ्या. वर 'पंचगंगेला मोठा पूर' आणि खाली 'शाळांना दोन दिवस सुट्टी'. वरच्या ओळीच्या शेवटी 'पू'चा दीर्घ उकार लोंबतोय, आणि त्याच्या खाली जवळपास तिथेच 'सुट्टी'ची वेलांटी डोकं वर काढतेय. ओळींमधलं अंतर वाढवलं तर मथळा दोन तुकड्यांचा दिसतो. मग 'सुट्टी' आधी आणायची: 'सुट्टी शाळांना दोन दिवस' हे मराठी नाही. शेवटी 'पूर' पुढे जातो: 'पूर पंचगंगेला'. हे असं वाक्य आपण बोलत नाही, पण मथळ्यात चालून जातं, आणि त्याचं कारण पुष्कळदा व्याकरणात नसून उकारात असतं.

आमच्या दैनिकात एक काका होते, ट्रेडल मशीनच्या जमान्यातले जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे हातानं जुळवून मजकूर लावणारे. खिळे गेले, संगणक आले, तेव्हा मालकांनी त्यांना मुद्रितं तपासायला बसवलं. मी सेट विड्थ लावताना दिसले की ते मान हलवायचे. "पोरी, शिशाचा खिळा दाबता येत नव्हता, म्हणून संपादकाला विचार करावा लागायचा." काका थोडे खोचकच होते. पण त्यांच्याकडून मला बरंच मिळालं. मोठ्या अक्षरांसाठी शिसं परवडायचं नाही, वजनही फार, म्हणून पोस्टरांना लाकडी टाइप असायचे. त्यात एखादं अक्षर झिजलं किंवा कमी पडलं की दुसऱ्या घराण्यातलं आणून लावायचं. तमाशाच्या जुन्या हँडबिलांवर एकाच ओळीत तीन तोंडवळ्यांची अक्षरं दिसतात ती हौस म्हणून नव्हे.

ज्यांना पैसे आणि वेळ दोन्ही मिळायचं त्यांनी टाइपाच्या भानगडीतच न पडता अक्षरं हातानं काढून घेतली. मराठी नाटकांच्या जाहिराती हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. शनिवार-रविवारच्या अंकात नाटकांचं पान असतं, त्यात एकेका जाहिरातीला जेमतेम कॉलमभर जागा. त्या जागेत नाटकाचं नाव ओरडलं पाहिजे आणि शेजारच्या नाटकापेक्षा वेगळंही दिसलं पाहिजे. २०२० मध्ये गेलेले कमल शेडगे हे यातले बाप माणूस. वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून त्यांनी नाटकांच्या नावांची जी अक्षरं काढली त्यांवर एक पिढी पोसली. माझ्यासारख्या पानवालीला त्यांच्या कामात जास्त कौतुक वाटतं ते एका गोष्टीचं: मात्रा कुठे कापायची, वेलांटी कुठल्या अक्षरावर टेकवायची, उकार कुठल्या पोकळीत सोडायचा हे ते त्या एका नावापुरतं ठरवत. दुसऱ्या नावाला दुसरा निर्णय. फॉन्टला ही चैन नाही. फॉन्टमधल्या 'कु'ला माहीतच नसतं की त्याच्या खाली कोण येणार आहे.

याचा अनुभव मला अलीकडे एका मैदानाच्या पोस्टरला आला. आमच्या भागात यात्रेला कुस्त्या असतातच, आणि पोस्टरवरची ओळ ठरलेली: 'कुस्त्यांचे जंगी मैदान'. यात्रा कमिटीचे अण्णा समोर खुर्ची टाकून बसले होते. "ताई, मैदान मोठ्ठं दिसाय पाहिजे बघा. रस्त्यावरनं गाडीवर जाणाऱ्याला दिसाय पाहिजे."

मी आधी सरळ दोन ओळी केल्या. वर 'कुस्त्यांचे', खाली 'जंगी मैदान'. दोन्ही डावीकडून सुरू. आता बघा काय होतं. या संपूर्ण वाक्यात वरचा मजला खच्चून भरलेला आहे: 'स्त्यां'वर अनुस्वार, 'चे'वर मात्रा, 'जं'वर अनुस्वार, 'गी'ची वेलांटी, 'मै'वर दोन मात्रा. खालच्या मजल्यावर मात्र अख्ख्या वाक्यात एकच जण, 'कु'चा उकार. आणि तो एकटा नेमका 'जं'च्या अनुस्वारावर उतरतो. जाड अक्षरात दोघं मिळून एक काळा गोळा. ओळी मधोमध घेतल्या तर उकार सरकून 'गी'च्या वेलांटीवर. अंतर वाढवलं तर अण्णा म्हणाले, "मधनं बैलगाडी जाईल की."

शेवटी ओळ वेगळीकडे मोडली. वर 'कुस्त्यांचे जंगी', अगदी अरुंद अक्षरांत. खाली एकटं 'मैदान', त्याच लांबीत, पण रुंद अक्षरांत आणि उंचीनंही मोठं. खाली तीनच अक्षरं असल्यामुळे 'म' ऐसपैस पसरला, त्याचा दांडा आणि त्यावरच्या दोन मात्रा उजवीकडे गेल्या, आणि 'कु'चा उकार 'म'च्या डाव्या खांद्यावरच्या रिकाम्या जागेत अलगद बसला. ओळी एकमेकींत अडकल्या, पण कुणी कुणाला धडकलं नाही. अण्णांना उकाराचं काही देणंघेणं नव्हतं. मैदान मोठं झालं म्हणून ते खूश.

खाली जोड्यांची यादी होती. डावीकडे पैलवानाचं नाव, तालीम, गाव, मधे 'विरुद्ध', उजवीकडे तसंच. तीही ठळक करा असा आग्रह झाला. मी नाही केली. जाड अरुंद अक्षर हे लांबून, मोठ्या आकारात वाचायचं असतं. पोटातल्या फटी तेव्हाच दिसतात. यादीला अरुंद चालेल, पण वजन, म्हणजे रेघांची जाडी, मध्यम पाहिजे, नाहीतर कोण कुणाशी लढणार ते मैदानातच कळेल. तेच थंबनेलचं: मोबाइलवर ते नखाएवढं दिसतं, म्हणून पोरांना वाटतं जितकं जाड तितकं बरं. तिथे एक पायरी कमी जाड घेतलं तर जास्त लांबून वाचता येतं. पटत नसेल तर दोन्ही करून फोन हातभर लांब धरून बघा.

वरची अरुंद ओळ आणि खालची रुंद ओळ हे मी 'अनेक' नावाच्या फॉन्टमध्ये केलं. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी २०२२ मध्ये हा काढला, नऊ भारतीय लिप्या आणि सोबत रोमन. त्याच्या देवनागरीत रुंदीची पट्टी ७५ ते १२५ पर्यंत सरकते आणि जाडीची १०० ते ८०० पर्यंत. बेंटनचे तीन नंबर होते, इथे मधले सगळेच आहेत. पट्टी ७५ वर नेली की उभ्या रेघांची जाडी काढणाऱ्यानं ठरवलेली असते, सॉफ्टवेअरनं चिरडलेली नसते. मथळा एवढासा बाहेर येत असला तर ९२ करा, ८७ करा. रात्री पान सोडताना हे हातात असतं तर आयुष्यातला बराच वैताग वाचला असता.

त्याच्या आधी २०१४ मध्ये इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको आणि खंड हे दोन अरुंद फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आले. टेको चौकोनी बांध्याचा, रेघांची जाडी सगळीकडे साधारण एकसारखी. क्रिकेटचा स्कोअर, गाड्यांचे नंबर, बक्षिसाची रक्कम, असं आकड्यांचं काम असलं की मला तो आवडतो. लांब मराठी शब्दांत मात्र तो यंत्रासारखा कोरडा वाटतो, निदान मला. खंडच्या पोकळ्या जास्त मोकळ्या आहेत, म्हणून मथळ्याला मी खंड आधी बघते. आता सगळ्या न्यूज पोर्टलवाल्यांनी आणि प्रचाराच्या पोस्टरवाल्यांनी हेच दोन-तीन फॉन्ट पकडलेत, त्यामुळे पक्ष कोणताही असो, अक्षर एकच दिसतं. फुकट मिळालेल्या गोष्टीचं असं होणारच.

त्याआधी आम्ही सगळे श्री-लिपी या सॉफ्टवेअरवर होतो, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या. फॉन्ट नंबरानं ओळखायचे. '७१४ लाव' म्हटलं की डोळ्यांपुढे अक्षर यायचं. छपाईच्या बऱ्याच दुकानांत अजून तेच आहे. त्यातही जाड ठसठशीत फॉन्ट होते, पण अरुंद पाहिजे असला की ऑपरेटर कोरल ड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाचा कान पकडून आत ढकलायचा.

आणि एक आपल्या मराठीपुरतं भांडण. शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयात 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' असे शब्द आहेत. आपला ल दोन पाकळ्यांचा, मधे देठ. हिंदीतला ल उजवीकडे दांडा असलेला. अरुंद करायला हिंदी ल सोपा, कारण दांड्याला चिकटून एकच पोट सांभाळायचं. आपल्या पाकळ्या मूळच्या आडव्या पसरणाऱ्या, त्यांना उभं करायचं म्हणजे नव्यानंच विचार करावा लागतो. पुष्कळ फॉन्टांत मराठी ल असतो पण आत दडवलेला, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली तरच बाहेर येतो, काहींत नसतोच. 'शेतकऱ्यां'मधला तो आडवा अर्धा र हीसुद्धा आपली खास अडचण. त्याला रुंदी लागते आणि अरुंद टाइपात नेमकी तीच नसते. जाड वजनात तो 'य'ला चिकटून गाठ होतो. कांदा, ऊस आणि दुधाच्या बातम्यांवर चालणाऱ्या जिल्हा दैनिकाला 'शेतकऱ्यां' रोज लागतो, हे फॉन्ट काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

म्हणून नवा जाड अरुंद फॉन्ट आला की मी आधी 'भाऊ', 'धरणग्रस्त', 'शेतकऱ्यांसाठी', 'सुट्टी', 'कल्लोळ' आणि 'रुपये' टाकून बघते. 'भाऊ' माऊ झाला नाही आणि 'कल्लोळ'मधल्या पाकळ्या आणि 'ळ'ची पोटं उघडी राहिली, तर पुढची बोलणी. मग दोन ओळी करून उकाराखाली वेलांटी आणते.

मैदानाच्या त्या पोस्टरचं पुढे फ्लेक्सही झालं. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, पाठवली होती, फॉन्ट नसल्याची भानगड नको म्हणून. फ्लेक्सवाल्याच्या फ्रेमचं माप वेगळं निघालं आणि त्यानं अख्खं चित्र दोन्ही कडांनी आत ओढून बसवलं, मैदान आणि पैलवान दोघांसकट. तेव्हापासून फाइल करायच्या आधी विचारून घेते: फ्रेम दहा बाय आठ की आठ बाय सहा, आणि आडवी की उभी.